‘जरी-तरी’ आणि इंग्रजींतील गौण वाक्य



इंग्रजी शिकणारा मराठी मुलगा ‘ऑल्दो’नें आरंभिलेल्या वाक्यांत पुढें हटकून ‘बट’ घालतो आणि शिक्षक त्यावर तांबडी रेघ ओढतात. ‘तो गरीब आहे’ याच्या आधीं ‘ऑल्दो’ आलें कीं तें वाक्य गौण होतें. दुसऱ्या वाक्यावांचून त्याचा अर्थ पुरा होत नाहीं. ‘तो प्रामाणिक आहे’ हें मात्र स्वतंत्र, म्हणजे प्रधान वाक्य होय. ‘बट’ हें समान दर्जाचीं वाक्यें जोडतें. म्हणून येथें तें चालत नाहीं. नियम खरा; पण चूक येते कोठून? मराठींत ‘जरी’ला ‘तरी’ आणि ‘जेव्हां’ला ‘तेव्हां’ लागतो. मुलाच्या कानाला ती जोडी हवी असते.

नवल हें कीं, इंग्रजीलाहि ती एके काळीं हवी होती. आल्फ्रेड राजाच्या (राज्यकाल इ. स. ८७१ ते ८९९) वेळच्या इंग्रजींत ‘जेव्हां’ आणि ‘तेव्हां’ या दोन्ही अर्थीं ‘था’ हा एकच शब्द असे, आणि तो पुष्कळदां दोन्ही वाक्यांच्या आरंभीं येई. मग गौण वाक्य ओळखावें कसें? क्रियापदाच्या स्थानावरून. प्रधान वाक्यांत तें बहुधा ‘था’च्या पाठोपाठ येई, गौण वाक्यांत मराठीप्रमाणें शेवटाकडे जाई. ‘जरी-तरी’चीहि अशीच जोडी होती.

पुढें विभक्तिप्रत्यय झिजले. १०६६ मधील नॉर्मन विजयापूर्वींच आरंभलेली ही झीज त्यानंतर वाढत गेली. कर्ता कोणता व कर्म कोणतें, हें शब्दांच्या क्रमावरूनच कळूं लागलें. म्हणून कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम दोन्ही प्रकारच्या वाक्यांत रूढ झाला. क्रियापदाच्या जागेची खूण अशी नाहींशी झाली आणि सारा भार आरंभींच्या अव्ययावर पडला. प्रश्नार्थक ‘व्हेन’ ‘जेव्हां’च्या अर्थीं आलें, इंग्रजी ‘बाय’ला फ्रेंचांतून आलेला ‘कॉज’ जोडून ‘बिकॉज’ सिद्ध झालें. एका अव्ययानें काम भागूं लागतांच दुसऱ्याची गरज उरली नाहीं. ‘ऑल्दो’नंतर ‘येट’ आजहि चालतें, तेवढीच त्या जोडीची आठवण.

शिक्षकांनीं तांबडी रेघ अवश्य ओढावी. पण तिच्या शेजारीं हें कारणहि सांगावें. नाहीं तर मुलगा आपल्या बुद्धीला दोष देतो व मातृभाषेला अडाणी समजतो. वस्तुतः त्याच्या भाषेनें राखलेली रीत इंग्रजीनें वाटेंत टाकून दिली, इतकेंच.