धवल्यातलं नाव

माझी पणजी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण म्हणजे नुसती गाणारी बाई नव्हे. मांडव उभा राहिल्यापासून हळद, लग्न, पाठवणी असा एकेक विधी तिच्या धवल्यावर, त्या विधीच्या गाण्यावर, चालतो. तिनं सूर धरला की बायका कामाला लागतात. कित्येक घरांत भटजीपेक्षा तिचाच शब्द मोठा असे. धवल्यात देव येतात, गोत येतं आणि ठरल्या ठिकाणी नवरीचं नाव येतं. तेवढी जागा मोकळी असते. दर लग्नात तिथं नवं नाव बसतं.

पणजीला रात्रीचं दिसत नसे. तिच्यासोबत गॅसबत्ती घेऊन धाकटा मुलगा जाई. तेच आमचे नाना, आजोबांचे भाऊ. १९४७ च्या उन्हाळ्यात, वीस वर्षांचे असताना, ते असेच आमच्या गव्हाणातल्या एका हळदीला बत्ती घेऊन उभे राहिले. नवरीबरोबर त्यांनी दोन हंगाम मिठागरावर काम केलं होतं. ओल्या मिठाच्या पाट्या डोक्यावर, खाली चटके देणारा बांध, पायांच्या भेगांत खारं पाणी. त्या दोन हंगामांत तुमचं बोलणं काय व्हायचं, असं मी एकदा विचारलं.

"बोलाचा काय? काम करावाचा."

तिला जासईला दिलं. आईनं धवले गायले, मुलानं उजेड धरला. पणजीला काही ठाऊक होतं का, हे मी आजीला विचारलं होतं. आजी तांदूळ निवडत राहिली. "सासूबायना रातचा दिसत नसं," एवढंच म्हणाली.

त्याच पावसाळ्यात, १७ जुलैला, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांकडे या बोटीच्या इतक्या गोष्टी आहेत की कुणाची खरी, कुणाची ऐकीव हे उरलेलं नाही. नानांची गोष्ट मात्र बोटीची नव्हतीच. जासईला दिलेल्या त्या मुलीचा नवरा मुंबईला गोदीत कामाला होता आणि गटारीला घरी येणार होता. बातमी आली तसे नाना भर पावसात चिखल तुडवत जासईला गेले. घराकडे गेले नाहीत. वेशीवरच्या दुकानात उभं राहून चौकशी केली. नवऱ्याला रजाच मिळाली नव्हती, तो मुंबईतच होता. ऐकलं आणि माघारी फिरले. हे त्यांनी मला सत्तरी उलटल्यावर सांगितलं. सांगताना त्यांच्या तोंडावर त्या दिवशीचं समाधान होतं, जसं काही घरचंच माणूस वाचलं.

हल्ली वर्तमानपत्रात 'एकतर्फी प्रेमातून' असे शब्द वाचले की खाली मुलीवरच्या हल्ल्याची बातमी असते. तो शब्द मला नानांसाठी वापरवत नाही. दुसरा मला अजून सापडलेला नाही.

त्यांनी लग्न केलं नाही. दोनदा घरच्यांनी ठरवत आणलं, दोनदा त्यांनी मोडलं. शेती केली. खारजमिनीची शेती म्हणजे समुद्राशी रोजचं भांडण: बांध फुटला की भरतीचं पाणी आत येतं आणि पुढची काही वर्षं भात नाही. तिच्या माहेरचं शेत आमच्या शेताला लागून होतं. तिचे भाऊ मुंबईला गेल्यावर त्यांच्या वाट्याचा बांधही नानाच घालत. बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, उघाडीचं, दार नीट बसलंय का, हे अमावास्या-पुनवेच्या उधाणाला रात्री जाऊन बघत. भावकीत यावरून कुरबुर झाली. नानांनी सांगितलं, पाणी काय हद्द बघून येतं का?

१९७० साली शहर वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, आली. ठाणे, पनवेल, उरण मिळून पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या, त्यांत गव्हाण होतं. तो बांधही गेला. नाना त्यानंतर बरेच महिने उधाणाच्या रात्री उठून बसत, असं आजी सांगायची.

जानेवारी १९८४ मध्ये या जमिनींसाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ तारखेला पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मेले. पुढं घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले, त्यांची किंमत ही आहे. बायका मोर्चाच्या पुढं होत्या. नाना तेव्हा सत्तावन्न वर्षांचे. जमिनीसाठी गेले होते, यात शंका नाही. गोळ्या चालल्यावर लोक गव्हाणकडे पळाले, तेव्हा नाना मात्र जासईच्या गल्ल्यांतून फिरत होते. रात्री उशिरा घरी आले. कपाळ फुटलेलं. आजीनं हळद दाबली, तेव्हा म्हणाले, "सगली बरी हायेत." कोण सगळी, हे तिनं विचारलं नाही.

पणजीनंतर आमच्या घरात धवले कुणी शिकलं नाही. बँडबाजा आला, मग डीजे. पुरुषानं धवला म्हणायचा नसतो, पण बत्ती धरून उभं राहता राहता नानांना सगळे पाठ झाले होते. २००४ च्या पावसाळ्यात मी वही घेऊन बसलो. ते हळू आवाजात, गद्यासारखे सांगत गेले: मांडवाचे, हळदीचे, पाठवणीचे. चार संध्याकाळी लागल्या.

नाना गेल्यावर वही परत वाचायला घेतली. नवरीच्या नावाची जागा एकाही धवल्यात मोकळी नव्हती. सगळीकडे एकच नाव होतं, आणि ते मीच माझ्या हातानं, काही न कळता, एकोणतीस वेळा लिहिलं होतं.