चिकटवलेली छायाचित्रे

छायाचित्रणाला ललितकलेचा मान मिळवून देणारे नियतकालिक म्हणून स्टिग्लिट्झच्या ‘कॅमेरा वर्क’चे (१९०३–१९१७) नाव घेतले जाते. मुंबईचा ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ त्याच्याही अर्धशतक आधीचा. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ साली काढलेल्या या मासिकाच्या प्रत्येक अंकात तीन मूळ छायाचित्रे चिकटवलेली असत. त्याला आश्रय देणाऱ्या फोटोग्राफिक सोसायटीत (स्थापना १८५४) डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजीही होते. पुढे जॉन्सनने यातील काही माणसे कापून निराळ्या पार्श्वभूमीवर बसवली आणि मुंबईच्या जातीजमातींवरील ग्रंथ (१८६३, १८६६) सिद्ध केला. हौशी कलेचा हा अधःपात म्हणावा, तर अल्बममध्येच ‘पश्चिम भारतातील वेशभूषा आणि व्यक्तिविशेष’ अशी मालिका आधीपासून चालू होती.