आर्क फ्लॅश धोका-सूचनापट्टी

आर्क फ्लॅश धोका-सूचनापट्टी ही विद्युत फलक, स्विचगिअर, मोटर नियंत्रण केंद्र इत्यादी उपकरणांवर लावली जाणारी सूचना होय. दोन वाहकांमधील हवेतून विद्युत प्रज्योत पेटल्यास किती अंतरापर्यंत भाजण्याचा धोका आहे आणि कोणते संरक्षक कपडे आवश्यक आहेत, हे तिच्यावरून कळते. प्रज्योतीची उष्णता वाहकाला स्पर्श न करताही माणसाला भाजू शकते.

पट्टीवरील माहिती

विद्युत दाब : उपकरणाचा नाममात्र दाब, व्होल्टमध्ये.

आर्क फ्लॅश सीमा : ज्या अंतरावर उष्णता प्रति चौ. सेंमी. १.२ कॅलरी असते ते अंतर. एवढ्या उष्णतेने त्वचेला दुसऱ्या श्रेणीची भाजण्याची इजा होऊ शकते.

आपाती ऊर्जा : काम करणाऱ्याच्या छाती-चेहऱ्यापर्यंत पोहोचणारी उष्णता. ती ठरावीक कार्य-अंतरासाठी, उदा. सुमारे ४५ सेंमी.साठी, दिलेली असते. माणूस त्याहून जवळ गेल्यास हा आकडा लागू राहत नाही.

संरक्षक कपडे : अमेरिकेतील एनएफपीए ७०ई या मानकात त्यांचे चार वर्ग असून त्यांची किमान क्षमता अनुक्रमे ४, ८, २५ व ४० कॅलरी प्रति चौ. सेंमी. आहे. पट्टीवर आपाती ऊर्जा किंवा कपड्यांचा वर्ग यांपैकी एक दिला जातो.

धोक्याची तीव्रता

आपाती ऊर्जा केवळ विद्युत दाबावर ठरत नाही. शॉर्ट सर्किटचा प्रवाह आणि सर्किट ब्रेकरने तो तोडण्यास घेतलेला वेळ निर्णायक असतो. इतर बाबी समान असता वेळ दुप्पट झाल्यास ऊर्जाही जवळपास दुप्पट होते. त्यामुळे मोठ्या ट्रान्सफॉर्मरलगतचा ४१५ व्होल्टचा फलकही अतिशय घातक ठरू शकतो. आयईईई १५८४ या मानकात गणनापद्धती दिली आहे. ते २००२ मध्ये प्रसिद्ध झाले व २०१८ मध्ये सुधारले गेले.

भारतातील धोका-फलक

भारतीय विद्युत नियम, १९५६ आणि त्यानंतरचे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे विनियम यांनुसार २५० व्होल्टहून अधिक दाबाच्या उपकरणांवर कवटी व हाडांचे चिन्ह असलेला फलक आवश्यक करण्यात आला. त्यावरील मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत आणि जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत असावा, अशी तरतूद होती. म्हणून ठाणे जिल्ह्यात असा फलक मराठीतही लागतो. मात्र त्यावर आपाती ऊर्जा किंवा सुरक्षित अंतर नसते. कल्याणजवळ मोहने येथील उदंचन केंद्रासारख्या, मोठे पंप विजेवर चालणाऱ्या ठिकाणी हा फरक महत्त्वाचा ठरतो. कवटीचे चिन्ह धोका असल्याचे सांगते, तर आर्क फ्लॅश पट्टी त्याचे मोजमाप देते.

मर्यादा

पट्टी ही चालू विजेवर काम करण्याची परवानगी नव्हे. पुरवठा खंडित करून, कुलूप लावून व दाब नसल्याची खात्री करूनच काम करणे हा मुख्य उपाय आहे. ट्रान्सफॉर्मर किंवा ब्रेकरची मांडणी बदलल्यास जुने आकडे दिशाभूल करू शकतात. म्हणून एनएफपीए ७०ई नुसार त्यांचा किमान दर पाच वर्षांनी फेरआढावा घ्यावा लागतो.