अणदूरचा काळा दगड

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर अणदूर लागते. येथील विहिरींच्या कडांना, जुन्या घरांच्या भिंतींना आणि शेजारच्या नळदुर्गाच्या तटाला एकच काळा दगड दिसतो. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस. धुमसते ज्वालामुखी चढून पाहण्यासाठी हौशी लोक सातासमुद्रांपलीकडे जातात. आम्ही मात्र जन्मभर लाव्हारसावरूनच चालतो आणि त्याची दखलही घेत नाही.

ती घेणे भाग पडले 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे. किल्लारी-सास्तूर परिसरातील भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगावली. पायाखाली अजून आग आहे काय, हा प्रश्न तेव्हा मनात येणे स्वाभाविकच होते.

असाच प्रश्न मनात घेऊन पूर्वी एक धर्मगुरू ज्वालामुखीवर चढले होते. येशूसंघीय फादर अथानासियस किर्चर हे 1638 च्या मार्चमध्ये दक्षिण इटलीत भूकंपात सापडले. पुढे ते व्हेसुव्हियसवर गेले. अवघ्या सात वर्षांपूर्वी, 1631 साली, त्या पर्वताने हजारो बळी घेतले होते. तरीही फादर त्याच्या विवरात उतरले. पृथ्वीच्या पोटातील अग्निकुंडे एकमेकांना जोडलेली आहेत, असे त्यांनी 1665 च्या आपल्या ग्रंथात मांडले. ती कल्पना टिकली नाही. जागेवर जाऊन पाहण्याची रीत मात्र टिकली.

किल्लारीलाही शास्त्रज्ञांनी जमिनीत खोल छिद्र घेऊन पाहिले. सुमारे 338 मीटरवर काळा दगड संपला आणि त्याखाली त्याहून कितीतरी प्राचीन खडक लागला. धुमसता लाव्हारस कोठेच नव्हता. आपला लाव्हारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर येऊन थरांवर थर साचला. पुढे भारतभूमी उत्तरेकडे सरकली आणि त्या आगीचा उगम मागे राहिला. तो आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तेथील 2,632 मीटर उंचीचा ‘पितों द ला फुर्नेझ’ अजूनही उसळतो. पदयात्री त्यावर चढतात. उद्रेकाची चिन्हे दिसली की वाट बंद केली जाते.

तेव्हा किल्लारीचे संकट आगीमुळे आले नव्हते. खालच्या जुन्या खडकात साठलेला ताण मोकळा झाला. माणसे दगावली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे अंगावर कोसळून. लाव्हारस निवून युगे लोटली होती. झोपलेल्या माणसांवर पडला तो त्याचाच दगड, आपणच मातीत रचलेला. ज्वालामुखीवर चढणारा पाऊल टाकण्यापूर्वी खालचा दगड पक्का आहे ना, हे पाहतो. आपणही भिंत उभारण्यापूर्वी तेवढे पाहिले पाहिजे.