आधार-क्रमांकातील अखेरचा अंक

दि. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिला आधार-क्रमांक देण्यात आला. त्यातील बारावा अंक केवळ पडताळणीचा. ही रीत डच गणितज्ञ याकोबस व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडली. अंकांची अदलाबदल झाली तरी साधी बेरीज तीच राहते. म्हणून त्यांनी पंचकोनाच्या दहा सममितींचा अवलंब केला, जेथे क्रमालाही मूल्य आहे. परिणामी एक अंक चुकला, किंवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटले, तर चूक हटकून उघडी पडते.

‘पंचवीस’मध्ये पाच आधी उच्चारले जातात, लिहिताना मात्र दोन आधी येतात, डच भाषेतही हाच विपर्यय आहे. हा योग भाषाभ्यासकांनी दुर्लक्षू नये. राज्याच्या पूर्व टोकाला, देवरीत, कोणी जोडीजोडीने सांगितलेल्या क्रमांकातील २५ ऐवजी ५२ लिहिले, तर तो क्रमांक पडताळणीतच अडतो.