दंतमूलावरील अतिरिक्त सिमेंटम : एका निदानाचा इतिहास

इसवी सन १७७८ मध्ये जॉन हंटर या लंडनच्या शस्त्रवैद्याने दंतरोगांवरील आपला व्यावहारिक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दाताच्या मुळाला येणाऱ्या सुजेविषयी एक लहानसे प्रकरण आहे. दाताचा दिसणारा भाग निरोगी असतो, बाहेरून काहीही कळत नाही, रोग्याला वेदना मात्र होत असतात, असे त्याचे वर्णन आहे. इतर हाडांना दाहामुळे जी फुगवट येते तिच्याच जातीचा हा विकार असावा, असा त्याने तर्क केला. मुळावरील ज्या कठीण थराला आज आपण सिमेंटम म्हणतो, त्याच्या अतिरिक्त वाढीसंबंधीच्या आरंभीच्या नोंदींत या प्रकरणाची गणना करावी लागते. पुढील दोन शतकांत या वाढीचा अर्थ पुन्हा पुन्हा पालटत गेला. तो का पालटला याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आमच्या मते हा अर्थ ठरविण्यात सिद्धांतांपेक्षा एका साध्या गोष्टीचा वाटा अधिक होता : अभ्यासकाच्या मेजावर कोणते दात येऊन पडले, ही ती गोष्ट.

एकोणिसाव्या शतकातील दंतवैद्यापुढे येणारा दात हा बहुधा दुखतो म्हणून उपटलेला दात असे. रोग्याच्या मुखात असताना मूळ पाहण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नव्हते. उपटल्यावर मूळ गाठाळ दिसले की वेदनेचे कारण सापडले, असे तो मानी. या गाठीला त्याने अस्थिरोगांच्या परिभाषेतून ‘एक्झॉस्टोसिस’, म्हणजे हाडावरील उंचवटा, असे नाव दिले आणि चेहऱ्याच्या मज्जाशूळाच्या कारणांत तिला स्थान दिले. ज्यांची मुळे फुगलेली होती पण ज्यांना कसलीही पीडा नव्हती, अशा लोकांचे दात कोणी उपटलेच नाहीत. ते त्यांच्याबरोबर चितेवर किंवा थडग्यात गेले. वेदना आणि वाढ यांची सांगड ही अशा रीतीने नमुन्यांच्या निवडीतूनच निर्माण झाली होती. तिच्यापायी किती निर्दोष दात काढले गेले असतील, याचा हिशेब आता लागणे नाही.

सूक्ष्मदर्शकाने हा समज दूर केला असेल, असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात प्रथम उलटेच घडले. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये तनों याने घोड्याच्या दातांत आणि ब्रिटनमध्ये रॉबर्ट ब्लेक याने १७९८ च्या आपल्या प्रबंधात या थराचा निर्देश केला होता. तथापि मानवी दातातील सिमेंटमचे सूक्ष्म वर्णन १८३५ मध्ये ब्रेस्लाऊ येथे पुर्किन्ये याच्या फ्रेंकेल व राश्कोव्ह या दोन शिष्यांनी केले, आणि त्याच सुमारास स्वीडनच्या रेट्झियसने त्यात भर घातली. या थराच्या जाड भागात अस्थिपेशींसारख्या पेशी आढळल्या. मग सिमेंटम म्हणजे हाडच, आणि त्याची वाढ म्हणजे हाडावरची गाठच, ही समजूत अधिक दृढ झाली.

हे साम्य अर्धेच खरे होते. हाडात रक्तवाहिन्या असतात, सिमेंटममध्ये त्या नसतात. हाड आयुष्यभर एका बाजूने झिजते व दुसऱ्या बाजूने भरते. सिमेंटमची अशी नित्य उलाढाल होत नाही, त्यावर थरावर थर चढत जातात. या थरांत रुतलेल्या तंतूंच्या योगे दात जबड्याच्या खोबणीत टांगलेला राहतो. हा भेद शरीररचनेच्या विद्यार्थ्याला किरकोळ वाटेल. परंतु वेडेवाकडे दात रांगेत आणण्याचे शास्त्र, ज्याला ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात, ते सर्वस्वी या भेदावरच उभे आहे.

ते कसे, हे समजण्यास विसाव्या शतकाच्या आरंभीचे प्रयोग पाहावे लागतात. स्वीडनच्या कार्ल सांडस्टेट याने कुत्र्याचे पुढचे दात तीन आठवडे तारेने मागे ओढून त्यांचे सूक्ष्म छेद तपासले. १९०४–०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखांवरून असे दिसले की, ज्या बाजूला दाब पडतो तेथील हाड शोषले जाते आणि ज्या बाजूला ताण पडतो तेथे नवे हाड तयार होते. पुढे १९११ मध्ये व्हिएन्नाच्या आल्बिन ओपनहाइम याने बबून जातीच्या माकडाच्या दुधाच्या दातांवर प्रयोग करून निराळी उपपत्ती मांडली, आणि १९३२ मध्ये श्वार्त्स याने केशवाहिन्यांतील रक्तदाबाहून अधिक नसणारे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० ते २६ ग्रॅमचे बल हितकर ठरविले. या वादाचा तपशील येथे आवश्यक नाही. सर्वांनी गृहीत धरलेली गोष्ट अशी की, दाब हाडावरही पडतो आणि मुळावरही पडतो, परंतु हाड हटते आणि मूळ टिकते. दोन्ही सारख्याच वेगाने शोषली गेली असती, तर दात सरकण्याऐवजी त्याचे मूळच विरघळून गेले असते. दाताच्या स्थलांतराचा सारा व्यवहार सिमेंटमच्या या चिवटपणाच्या भरवशावर चालतो.

याच काळात व्हिएन्नामध्ये बर्नहार्ड गॉटलीब आणि त्याचे सहकारी यांनी अभ्यासाचे साहित्यच बदलले. केवळ उपटलेल्या दातांवर विसंबून न राहता त्यांनी मृतांच्या जबड्यांचे, हाड व तंतूंसह, छेद घेतले. दुखणारे, न दुखणारे, वापरातले, निरुपयोगी असे सर्व प्रकारचे दात आता एकाच काचेखाली आले. सिमेंटमचा संचय आयुष्यभर चालू असतो व तो चालू राहणे हेच दाताच्या जिवंतपणाचे लक्षण आहे, असा गॉटलीबचा निष्कर्ष होता. अतिरेकापेक्षा अभावच त्याला रोगट वाटला. आणि हिरड्यांच्या विकारांचे मूळ सिमेंटमच्या दुर्बलतेत शोधण्यापर्यंत त्याने मजल मारली. हा त्याचा सिद्धांत पुढे टिकला नाही. त्याचा सहकारी रुडॉल्फ क्रोनफेल्ड याचा १९२७ चा निबंध मात्र आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. अतिरिक्त सिमेंटम हे अतिरिक्त श्रमाचे फळ, असा तोवरचा ग्रह होता. क्रोनफेल्डने दाखविले की ज्या दातांना कामच नाही त्यांच्या मुळांवरही हा थर जाड असतो. म्हणजे श्रमाने तो वाढतो आणि विश्रांतीनेही वाढतो! समोरचा जोडीदार गमावलेला दात हळूहळू वर सरकतो व त्याबरोबर मुळावर भर पडत जाते, हे त्याचे एक स्पष्टीकरण. मुळाच्या टोकाशी रेंगाळणारा सौम्य दाह हे दुसऱ्या काही दातांचे. जेम्स पॅजेट याने १८७७ मध्ये वर्णिलेल्या अस्थिविकारात तर एकाच वेळी अनेक मुळे अशी जाड होतात. एका नावाखाली किती भिन्न घटना कोंबल्या गेल्या होत्या, हे यावरून ध्यानात यावे. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्यावर गॉटलीब व ओपनहाइम या दोघांनाही देश सोडावा लागला. दोघेही अखेरीस अमेरिकेत पोहोचले आणि व्हिएन्नाची ही परंपरा इंग्रजी भाषेत पुढे चालली.

मध्यंतरी क्ष-किरणांनी तिसऱ्या प्रकारचे दात पुढे आणले होते : मुखातले, न उपटलेले. १८९५ मध्ये राँटगेनने या किरणांचा शोध लावला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, १८९६ च्या जानेवारीत, ऑटो वाल्कहॉफ याने स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्याला २५ मिनिटे निश्चल पडून राहावे लागले. पुढे हे तंत्र सुलभ होताच डेन्व्हरच्या आल्बर्ट केचम याने दात सरकविण्याच्या उपचारापूर्वीची व नंतरची चित्रे ताडून पाहिली आणि १९२७ व १९२९ च्या आपल्या अहवालांनी या व्यवसायात खळबळ उडविली. उपचार घेतलेल्या कित्येक रोग्यांची मुळे आखूड झालेली होती. हंटरच्या काळापासून ज्याच्या अधिकतेची चिंता होती, त्याच्या नाशाची चिंता आता सुरू झाली.

या भीतीला योग्य प्रमाणात आणण्याचे श्रेय १९५१ च्या हेन्री व वाइनमन यांच्या अभ्यासाला द्यावे लागेल. त्यांनी तपासलेल्या २६१ दातांपैकी २३६ दातांवर सूक्ष्म शोषणाच्या खुणा आढळल्या. अशा एकंदर ९२२ खळग्यांपैकी ७०८ मुळाच्या टोकाकडील तिसऱ्या भागात होते, आणि सुमारे ७० टक्के खळगे सिमेंटमपुरतेच मर्यादित होते. शोषण ही जवळजवळ प्रत्येक मुखात चालणारी गोष्ट असून ते खळगे नव्या सिमेंटमने बुजविले जातात, हे यावरून स्पष्ट झाले. ऑस्लोच्या कोरे राइटान याने पुढे मुळाच्या पृष्ठावरील नव्या, अद्याप चुना न साठलेल्या सिमेंटमच्या पापुद्र्याकडे लक्ष वेधले. तो शाबूत असेतो शोषक पेशींना शिरकाव करणे कठीण जाते. म्हणजे जो सततचा संचय वाढला तर विकार म्हणविला जातो, तोच मुळाचे चिलखतही आहे.

मग ‘अतिरिक्त’ म्हणावे ते कशाला? झांडर व हुर्त्सेलर यांनी १९५८ मध्ये २३३ एकमुळी दात मोजून असे दाखविले की ११ ते ७६ या वयांच्या दरम्यान या थराची जाडी सुमारे तिपटीने वाढते. वृद्धाचे निरोगी मूळ बालकाच्या मापाने रोगट ठरेल. निश्चित सीमारेषा येथे नाही. पाठ्यपुस्तकांतील व्याख्या ती असल्यासारख्या लिहिलेल्या असतात, हा त्यांचा दोष आहे. त्याच पुस्तकांत काट्यांसारख्या टोकदार वाढीचा एक प्रकार सांगितलेला असतो. तो तंतूंच्या मुळाशी चुना साठून होतो आणि दातांवरील तारांच्या किंवा चावण्याच्या अतिरिक्त ताणाने उद्भवतो, असे त्यांचे प्रतिपादन असते. येथे उपचार हेच वाढीचे कारण ठरते. उलटपक्षी वाढ आधीच असेल तर उपचाराची अडचण वेगळी असते. जागा करण्यासाठी उपदाढ काढावयाची ठरली आणि तिचे टोक गदेसारखे असले, तर ती अरुंद खोबणीतून सरळ बाहेर येत नाही. मूळ कापून तुकड्यांनी काढावे लागते.

याच काढलेल्या उपदाढांनी अभ्यासकाला आता चौथ्या प्रकारचे साहित्य पुरविले आहे, आणि ते सर्वांत निर्दोष आहे. हे दात तरुण व निरोगी असतात, दुखतात म्हणून काढलेले नसतात, आणि काढण्यापूर्वी काही आठवडे त्यांना मोजून बल लावता येते. सिडनी येथील संशोधकांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी काही उपदाढांना २५ ग्रॅम व काहींना २२५ ग्रॅम इतके बल लावून त्यांच्या मुळांवरील खळग्यांचे घनफळ मोजले. जड बलाखाली ते पुष्कळच अधिक भरले. स्वीडनमधील अशाच दातांवर १९९५ मध्ये असे दिसून आले होते की बल थांबविल्यानंतर पहिल्या आठवड्यापासूनच खळगे बुजू लागतात आणि ते पेशीयुक्त सिमेंटमने, म्हणजे ज्याच्या गाठी हंटरच्या पिढीने पाहिल्या त्याच जातीच्या द्रव्याने, भरतात.

रोज दात सरकविणाऱ्या वैद्याच्या दृष्टीने मात्र मुळाच्या जाडीपेक्षा तिच्याभोवतालच्या एका बारीक काळ्या रेषेला महत्त्व आहे. क्ष-किरणचित्रात गाठीभोवती ही रेषा अखंड दिसली तर तंतुपटल जिवंत आहे असे समजावे; असा दात, मूळ कितीही बेढब असले तरी, हळूहळू सरकतो. रेषा पुसली गेली असेल तर दात हाडाशी सांधला गेल्याची शंका घ्यावी. असा दात तारेला दाद देत नाही. उलट त्याच्या आधाराने ओढलेले शेजारचे दात मात्र त्याच्याकडे झुकू लागतात.