चेहऱ्याचे आचके आणि त्यांचा शोध

श्रोतेहो, डोळा लवला की आपल्याकडे लगेच शुभाशुभाचा विचार सुरू होतो. पुरुषाचा उजवा लवला तर चांगले, बाईचा डावा लवला तर चांगले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या समजुतीशी आज भांडण काढायचे नाही. जागरण झाले, चहा जास्त झाला, फार शीण आला, म्हणजे पापणीचा एखादा धागा थरथरतो आणि काही दिवसांत आपोआप थांबतो. त्याची चिंता नको.

पण काही माणसांचा डोळा लवू लागतो तो थांबतच नाही. आधी खालच्या पापणीपाशी बारीकसे फडफडते. मग काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी, गालही उडू लागतो. पुढे तोंडाचा कोपरा ओढला जातो, मानेची कातडीसुद्धा ताणली जाते. आचका आला की डोळा गच्च मिटतो. हे सारे चेहऱ्याच्या एकाच बाजूला घडते, आणि झोपेतही ते पुरते थांबत नाही. इंग्रजी वैद्यकात याला हेमिफेशियल स्पॅझम म्हणतात. आपण अर्ध्या चेहऱ्याचे आचके म्हणू.

यात सहसा दुखत नाही, जिवाला धोका नाही. मग एवढे बोलायचे कशाला? असे पाहा. पन्नाशीची एक बाई बाजारात भाजी घेत उभी आहे आणि तिचा एक डोळा पुन्हा पुन्हा मिटतो आहे. समोरच्या माणसाला काय वाटेल? वर्गात फळ्यापाशी उभ्या असलेल्या गुरुजींचे तोंड एका बाजूला ओढले जाते आणि मागच्या बाकावर खसखस पिकते. अशी माणसे हळूहळू लग्नकार्याला जाणे सोडतात. कुणी पदराने, कुणी उपरण्याने अर्धे तोंड झाकतात. घरातले म्हणतात, “अगं, सवय लागलीय तुला, जरा आवर.” कुणी म्हणतो मनाचा रोग, कुणी म्हणतो बाहेरची बाधा. ही व्याधी पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते, आणि असल्या बोलण्याचा भारही त्यांनाच जास्त सोसावा लागतो.

हा दोष मनाचा की शरीराचा, हा प्रश्न केवळ आपल्याच खेड्यांतला नाही. युरोपातल्या मोठमोठ्या वैद्यांनीही त्यावर पुष्कळ काथ्याकूट केला. मी काही वैद्य नव्हे. इतिहास शिकवणारा माणूस. पण हा प्रश्न कसा सुटला, ही हकिगत इतिहासाच्या कोणत्याही पाठाइतकी बोधप्रद आहे.

प्रथम चेहरा हलतो कसा ते पाहू. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यांतली सातवी जोडी चेहऱ्याच्या स्नायूंची. प्रत्येक बाजूचा तंतू ऐकण्याच्या तंतूच्या शेजारून निघतो, कानामागच्या हाडातल्या बोगद्यातून जातो, कानाखाली बाहेर पडतो आणि पंख्यासारखा पसरून कपाळ, डोळा, गाल, ओठ व मान यांना फांद्या देतो. हसणे, डोळे मिटणे, कपाळाला आठ्या घालणे, सारे याच्याच निरोपावर चालते. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या चार्ल्स बेल या शल्यवैद्याने १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडून दाखवले की चेहऱ्याच्या हालचालीचा तंतू वेगळा आणि स्पर्शवेदनेचा वेगळा. हे कळण्यापूर्वी काय होई? चेहऱ्याच्या वेदनेवर इलाज म्हणून कधीकधी हालचालीचाच तंतू कापला जाई. वेदना तशीच राही आणि वर चेहरा लुळा पडे.

पुढचा टप्पा १८७५ सालचा, जर्मनीतला. फ्रीडरिख शुल्ट्झे या वैद्याकडे ५६ वर्षांचा एक रुग्ण होता. त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला आचके येत. तो वारल्यावर शवविच्छेदन झाले, तेव्हा मेंदूच्या बुंध्यालगतच्या धमनीला आलेला एक फुगा सापडला. तो फुगा नेमका सातव्या तंतूवर दाबून बसला होता. श्रोतेहो, उत्तर त्या दिवशीच हाती आले होते म्हणा ना! पण एका रुग्णावरून नियम बांधता येत नाही. इतर रुग्णांच्या मेंदूत असे काही ठळक दिसेना, आणि ती नोंद ग्रंथालयात पडून राहिली.

त्यानंतर पॅरिसमध्ये वाद रंगला. एदुआर ब्रिसो या वैद्याने १८९० नंतरच्या काही वर्षांत एक फरक मांडला. टिक, म्हणजे मुलांमध्ये नेहमी दिसणारी डोळे मिचकावण्याची किंवा खांदा उडवण्याची लकब, ही वेगळी. आणि तंतूच्या चिडण्यातून येणारा आचका वेगळा. लकब माणूस थोडा वेळ दाबून धरू शकतो. आचका दाबता येत नाही. फरक बरोबर होता, पण पुरावा काय? रुग्ण सांगतो म्हणून त्यावर विश्वास ठेवायचा?

पुरावा दिला योसेफ बाबिन्स्की याने. पायाच्या तळव्यावर ओरखडा काढून अंगठा कुठे वळतो ते पाहण्याची खूण त्याने १८९६ मध्ये सांगितली होती आणि त्यामुळे त्याचे नाव झाले होते. १९०५ साली त्याने चेहऱ्याची एक खूण सांगितली. ती आपण आत्ताच करून पाहा. फक्त उजवा डोळा घट्ट मिटा. भुवई खाली येते ना? आता डोळा तसाच घट्ट मिटलेला ठेवून उजवी भुवई वर उचला. जमत नाही! डोळा मिटणारा स्नायू काम करतो, तेव्हा कपाळ उचलणारा स्नायू सैल सुटतो, अशी निसर्गाची योजना आहे. पण या व्याधीत आचका आला म्हणजे डोळा मिटतो आणि त्याच क्षणी त्याच बाजूची भुवई वर चढते. जे कोणी मुद्दाम करू शकत नाही ते हा चेहरा करतो आहे. मग याला सोंग किंवा सवय कसे म्हणावे?

किती साधी गोष्ट! यंत्र नाही, सुई नाही. समोर बसून नीट पाहिले एवढेच. ही खूण सर्वच रुग्णांत दिसते असे नाही, पण पुष्कळांत दिसते, आणि आजचे तज्ज्ञही ती पाहतात. मनाचा दोष म्हणून ज्यांना हिणवले गेले, त्यांच्या बाजूने मिळालेली ही पहिली भक्कम साक्ष होय.

रोग शरीराचा आहे हे पटले, तरी उपाय मात्र ओबडधोबडच राहिले. तंतूत मद्यार्काची सुई टोचून तो बधिर करायचा किंवा त्याच्या फांद्या कापायच्या. आचके थांबत, पण चेहरा लुळा पडे. आणि तंतू पुन्हा सावरला की आचके परत येत. एका दुखण्याच्या बदल्यात दुसरे पदरात, असा तो सौदा होता.

शुल्ट्झेच्या नोंदीला पुन्हा उजाळा मिळाला तो १९४७ साली. अमेरिकेत कॅम्बेल आणि कीडी या दोघांनी दोन रुग्णांत तंतूपाशी रक्तवाहिन्यांचा दोष आढळल्याचे लिहिले. १९६२ मध्ये क्लीव्हलंडच्या गार्डनर यांनी, सावा या सहकाऱ्यासह, शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला. त्यांचे म्हणणे असे की ही विकृती उलटवता येण्याजोगी आहे. तंतू न तोडताही आचके थांबू शकतात. मात्र साध्या डोळ्यांना त्या खोल, अंधाऱ्या जागी पुरते दिसत नसे.

ही अडचण सूक्ष्मदर्शकाने दूर केली. पीटर जॅनेटा हा तरुण शल्यवैद्य १९६० नंतरच्या दशकात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकत होता. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी मज्जातंतूंचे विच्छेदन सूक्ष्मदर्शकाखाली करताना त्या भागाची बारीक रचना त्याच्या नजरेत भरली. पुढे शस्त्रक्रियेतही तेच यंत्र वापरल्यावर त्याला दिसले की मेंदूच्या बुंध्यातून तंतू निघतो त्याच जागी एखादी धमनी वळसा घेऊन त्याला टेकलेली असते, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्यावर आपटत असते. मोठा फुगा नव्हे, गाठ नव्हे. रोजची, निरोगी, पण चुकीच्या जागी वळलेली रक्तवाहिनी! म्हणूनच ती शवविच्छेदनात पूर्वी कुणाच्या डोळ्यांत भरली नसावी.

त्याने केले काय, तर ती धमनी अलगद बाजूला सारली आणि दोहोंच्या मध्ये मऊ घडी ठेवली. आज त्यासाठी बहुधा टेफ्लॉनचा लोकरीसारखा तुकडा वापरतात. काही कापायचे नाही, काही जाळायचे नाही. अनेक जाणत्यांनी सुरुवातीला विश्वास ठेवला नाही. जॅनेटा १९७१ मध्ये पिट्सबर्गला गेला आणि १९७७ साली ४७ रुग्णांचा वृत्तान्त त्याने सहकाऱ्यांसह छापला. १९९५ मध्ये तिथूनच ७०३ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला. पहिल्यांदाच ही शस्त्रक्रिया होणाऱ्यांपैकी शेकडा ८४ जणांना दहा वर्षांनंतरही उत्तम गुण होता. त्याच हिशेबात वाईट बाजूही लपवलेली नाही. शेकडा सुमारे अडीच जणांचा त्या बाजूचा कान गेला, शेकडा एकाला चेहऱ्याची कायमची कमजोरी आली, आणि एक रुग्ण दगावला. सारे चांगलेच सांगणारा वैद्य आणि सारे चांगलेच सांगणारा इतिहासकार, दोघांपासून सावध राहावे.

आचके येतात कसे? शेतातल्या पंपाची तार घ्या. वरचे आवरण घासले की वीज नको तिथे जाते. धमनीच्या सततच्या माराने तंतूचे आवरण झिजते आणि डोळ्याचा निरोप गालाच्या धाग्यात शिरतो. काही शास्त्रज्ञांच्या मते त्या चिडण्यामुळे मेंदूतले या तंतूचे ठाणेही अति जागरूक होते. दोन्ही गोष्टी मिळून घडत असाव्यात.

आता दुसरा उपाय, तोही चमत्कारिक वाटेने आलेला. जर्मनीतल्या वुर्टेंबर्ग राज्यात खराब झालेले मांसाचे सॉसेज खाऊन माणसे लुळी पडून मरत. युस्टिनुस केर्नर या वैद्याने त्याचा अभ्यास करून १८२२ मध्ये पुस्तक लिहिले, आणि हेच विष अगदी थोड्या मात्रेत औषध होऊ शकेल अशी कल्पनाही मांडली. बेल्जियममध्ये १८९५ साली खारवलेले मांस खाऊन विषबाधा झाली, तेव्हा व्हान एर्मेंगेम याने त्या विषाचा जंतू शोधला. हे विष तंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य अॅलन स्कॉट यांनी त्याची अत्यल्प मात्रा डोळ्यांच्या तिरळेपणावर वापरून १९८० मध्ये निष्कर्ष छापले. १९८९ च्या डिसेंबरात अमेरिकन सरकारने तिरळेपणा आणि सातव्या तंतूच्या विकारांतले पापणीचे आचके यांसाठी त्याला मान्यता दिली. आज ते बोट्युलिनम या नावाने आपल्या देशातही मिळते. आचके येणाऱ्या स्नायूंत बारीक सुईने ते टोचतात. काही दिवसांत आराम पडतो आणि तो साधारण तीन-चार महिने टिकतो. मग पुन्हा टोचावे लागते. पापणी थोडी खाली येणे, डोळा कोरडा पडणे असे त्रास होतात, पण ते बहुधा तात्पुरते असतात. पोटात घ्यायच्या गोळ्यांचा उपयोग मात्र बेताचाच आहे.

शिक्षकांनी आणि गावातल्या जाणत्यांनी काय पाहावे, तेही सांगतो. आचके एकाच बाजूला आहेत का? दोन्ही डोळे एकदम मिटत असतील तर तो वेगळा विकार. पूर्वी तोंडावरून वारे गेले होते का? लुळा झालेला चेहरा सावरल्यावरही ओठ हलवताना डोळा मिटतो, तेही निराळे. मुलगा डोळे मिचकावतो आणि म्हटल्यावर क्षणभर थांबवू शकतो, तर ती बहुधा लकब. तिला छडी नको, चेष्टाही नको. लक्ष न देणे हेच बरे. अर्ध्या चेहऱ्याचे आचके हा बहुतेक चाळिशी-पन्नाशीनंतरचा रोग आहे. कमी वयात ते सुरू झाले, किंवा जोडीला ऐकू कमी येणे, चेहरा बधिर होणे अशी लक्षणे असली, तर विलंब करू नये. क्वचित मागे गाठ असू शकते.

रोगाचे निदान मुख्यतः पाहूनच होते. तरीही मेंदूची एम.आर.आय. तपासणी करतात, ती गाठ किंवा धमनीचा फुगा नाही याची खात्री करण्यासाठी आणि शस्त्रक्रिया करायची तर कोणती धमनी टेकली आहे ते पाहण्यासाठी. मेंदूविकारांचा विभाग वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत असतो. जिल्हा रुग्णालयातून तिकडे चिठ्ठी मिळू शकते. जाताना घरच्या मुलाकडून मोबाइलवर आचक्यांचे चित्रीकरण करून न्यावे, कारण डॉक्टरांपुढे बसल्यावर ते नेमके येतीलच असे नाही. सुई की शस्त्रक्रिया, हे वय, प्रकृती आणि रुग्णाची इच्छा पाहून ठरवायचे असते. घाई कसलीच नाही. पण वर्षानुवर्षे तोंड झाकून बसण्याचेही कारण नाही.

शुल्ट्झेच्या टेबलावरून जॅनेटाच्या सूक्ष्मदर्शकापर्यंत यायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली. त्या काळात अगणित लोकांना “आवर, आवर” असे ऐकत जगावे लागले, आणि आवरणे तर त्यांच्या हातातच नव्हते. तेव्हा तुमच्या गावात, तुमच्या शाळेत असा चेहरा दिसला, तर आधी हसणाऱ्यांना गप्प करा आणि मग त्या माणसाला एवढेच सांगा, “बाई, हा तुमचा दोष नाही. यावर इलाज आहे. चला, आपण दाखवून येऊ.”